आधी भरावे, मग वाहावे

ख्रिस्तसभेच्या दीर्घ वाटचालीत पोपमहोदयांना उद्देशून लिहिलेली पत्रे, अर्ज आणि विनंत्या यांना गणती नाही. कोणी न्याय मागितला, कोणी पद मागितले, कोणी आशीर्वाद मागितला. परंतु बाराव्या शतकात एका मठाधिपतींनी आपल्या एकेकाळच्या शिष्याला, तो संत पेत्राच्या आसनावर बसल्यानंतर, एक निराळेच लिखाण पाठविले. त्यात मागणे असे काही नव्हते. आपण फार कामे अंगावर घेतली आहेत, त्यांतील पुष्कळशी आपली नाहीत, ती खाली ठेवावी, अशा आशयाची ती कळकळीची विनवणी होती. लिहिणारे होते क्लेरव्हो मठाचे संत बर्नार्ड आणि ज्यांच्यासाठी लिहिले ते पोप तिसरे युजीन. ग्रंथाचे लॅटिन नाव ‘दे कन्सिदरातिओने’, म्हणजे ‘चिंतनाविषयी’.

पुढारी म्हटला की त्याने कोणालाही नकार देऊ नये, असा समज आपल्याकडे रूढ आहे. जो अधिक समित्यांवर तो अधिक मोठा, अशी आपली मोजपट्टी. म्हणून ह्या ग्रंथाची जन्मकथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. ही कथा वाटते तितकी सरळ नाही. सल्ला देणारे संतच त्या सल्ल्याप्रमाणे सदैव वागू शकले नाहीत आणि त्याची किंमत त्यांच्यापेक्षा इतरांना अधिक मोजावी लागली.

झोपडीतील एक वर्ष

बर्नार्ड यांचा जन्म १०९० साली फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, दिजोंजवळच्या एका सरदार घराण्यात झाला. ऐन तारुण्यात सुमारे तीस आप्तमित्रांना बरोबर घेऊन ते सितोच्या मठात दाखल झाले. हा मठ म्हणजे सिस्टर्शियन संन्याशांचे मूळपीठ. १११५ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, नवा मठ स्थापन करण्यासाठी बारा संन्याशांसह त्यांची रवानगी झाली. त्या रानातल्या जागेचे नाव पुढे साऱ्या युरोपात गाजले, ते म्हणजे क्लेरव्हो.

तरुण मठाधिपतींनी स्वतःच्या देहावर इतके कठोर निर्बंध लादले की थोड्याच वर्षांत त्यांचे पोट कायमचे बिघडले. जीव वाचतो की नाही अशी अवस्था झाली. तेव्हा शालोंचे बिशप विल्यम पुढे आले. त्यांनी सिस्टर्शियन मठाधिपतींच्या सभेपुढे विनंती केली, की बर्नार्ड यांना एक वर्ष माझ्या आज्ञेत द्यावे. सभेने ते मान्य केले. बिशपांनी मठाच्या कुंपणाबाहेर एक लहानशी झोपडी बांधविली आणि बर्नार्ड यांना तेथे राहावयास लावले. मठाच्या कारभाराशी वर्षभर संबंध ठेवायचा नाही, ही आज्ञा. त्या वर्षात क्लेरव्होचा मठ बुडाला नाही. पुढाऱ्याला मर्यादा स्वतः आखता येत नसेल तेव्हा ती दुसऱ्याने प्रेमाने आखून देणे, हीही एक सेवाच असते.

अशी सेवा करणारी आणखी एक व्यक्ती बर्नार्ड यांच्या घरातच होती. त्यांचे सख्खे भाऊ जेरार्ड हे मठाचे कोठारी होते. धान्य, बांधकाम, गवंडी, लोहार, शेतमजूर, सारे त्यांच्या देखरेखीखाली असे. मठाधिपतींना भेटण्यासाठी येणाऱ्यांना आधी जेरार्ड सामोरे जात. ज्यांचे काम आपल्याकडून होण्यासारखे असेल ते तेथेच उरकत आणि जे खरोखरच बर्नार्ड यांच्यावाचून होणार नाही तेवढेच आत पाठवीत. ११३८ साली जेरार्ड वारले. त्या वेळी बर्नार्ड ‘गीतरत्न’ ह्या पवित्र शास्त्रातील पुस्तकावर प्रवचने देत होते. सव्विसाव्या प्रवचनात त्यांना हुंदका आवरला नाही. माझ्या मनाची मोकळीक ही तुझी देणगी होती, माझा भार तू वाहत होतास, असा त्या शोकाचा आशय आहे.

साऱ्या युरोपचा कारभारी

बर्नार्ड यांनी आपल्याभोवती कुंपण घातले नाही असे मात्र नाही. जेनोवा, मिलान आणि रँस ह्या धर्मप्रांतांनी त्यांना आपले बिशप होण्याचा आग्रह केला आणि तो त्यांनी निक्षून नाकारला. मान देणारे काम नाकारणे त्यांना अवघड गेले नाही. अवघड गेले ते वेगळेच. ख्रिस्तसभेचे कोठे काही चुकते आहे आणि आपण बोललो तर सुधारेल असे वाटले, की त्यांच्याने गप्प बसवत नसे.

११३० साली एकाच वेळी दोन पोप निवडले गेले. दुसरे इनोसंट हेच खरे पोप, असा कौल बर्नार्ड यांनी दिला आणि तो मान्य करविण्यासाठी आजारी शरीर घेऊन ते तीन वेळा इटलीत गेले. हा तंटा मिटण्यास ११३८ साल उजाडले. त्यानंतर राजांमधील भांडणे, बिशपांच्या निवडणुका, विद्वानांचे वाद, प्रत्येक ठिकाणी त्यांचे पत्र पोहोचू लागले. त्यांची सुमारे पाचशे पत्रे आज उपलब्ध आहेत.

हा हस्तक्षेप नेहमीच योग्य ठरला असे नाही. इंग्लंडमधील यॉर्कचे आर्चबिशप विल्यम फिट्झहर्बर्ट यांच्या निवडणुकीविरुद्ध तक्रारी आल्या, तेव्हा समुद्रापलीकडच्या ह्या प्रकरणात बर्नार्ड यांनी अत्यंत कडक शब्दांत पत्रे लिहिली. ११४७ साली विल्यम पदच्युत झाले. बर्नार्ड यांच्या निधनानंतर त्यांना त्यांचे पद परत मिळाले आणि तेराव्या शतकात ख्रिस्तसभेने त्याच विल्यम यांना संत म्हणून घोषित केले. दुरून ऐकलेल्या गोष्टीवर निकाल देण्याची घाई एका संताच्या हातूनही दुसऱ्या संतावर अन्याय करवू शकते, ही गोष्ट विचार करावयास लावते.

बर्नार्ड यांना ह्या ओढाताणीची जाणीव नव्हती असे समजू नये. एका पत्रात त्यांनी स्वतःला ग्रीक पुराणातील किमैरा ह्या, निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव जोडलेल्या, विचित्र पशूची उपमा दिली आहे. अंगावर झगा संन्याशाचा, पण संन्याशाचे जीवन केव्हाच मागे पडलेले, असे ते स्वतःविषयी कबूल करतात. ११३५ साली सुरू केलेली ‘गीतरत्ना’वरील प्रवचने ते मरेपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, जमेल तशी देत राहिले. आठ अध्यायांच्या त्या पुस्तकावर शहाऐंशी प्रवचने झाली, तरी गाडी तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापुढे गेली नाही.

शिष्य पोप होतो

१५ फेब्रुवारी ११४५ रोजी पोप दुसरे ल्युशियस वारले आणि त्याच दिवशी कार्डिनलांनी रोमजवळच्या एका सिस्टर्शियन मठाच्या अधिपतींना पोप म्हणून निवडले. मूळचे पिसा येथील हे संन्यासी क्लेरव्होत बर्नार्ड यांच्या हाताखाली घडलेले. तेच पोप तिसरे युजीन. बातमी ऐकून बर्नार्ड यांना आनंद होण्याऐवजी धक्काच बसला. जगाला मेलेल्या माणसाला थडग्यातून ओढून पुन्हा गर्दीत उभे का केले, असा जाब त्यांनी कार्डिनलांना पत्राने विचारला.

काळ बिकट होता. रोमच्या नागरिकांनी पोपच्या सत्तेविरुद्ध बंड करून स्वतःचे शासन उभारले होते. युजीन यांचा अभिषेकही शहराबाहेर फार्फा येथील मठात उरकावा लागला. त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीतील मोठा काळ रोमबाहेरच गेला. त्यात भर पडली ती खटल्यांची. अकराव्या शतकातील सुधारणांनंतर ख्रिस्ती जगतातील कोणीही आपले गाऱ्हाणे थेट रोमपर्यंत नेऊ लागला होता. ११४० च्या सुमारास ग्रेशियन यांनी धर्मकायद्याचा मोठा संग्रह सिद्ध केला आणि वकिली हा प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला. जमिनीचे वाद, वारसाहक्क, मठांची भांडणे, सारे पोपपुढे येई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वकिलांचे युक्तिवाद ऐकण्यात दिवस जात असे.

ह्या साऱ्या कामाला निरर्थक म्हणता येणार नाही. ११४९ साली फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि राणी एलिनॉर एकमेकांना दुरावून पूर्वेकडून परतत होते. तुस्कुलम येथे पोप युजीन यांनी स्वतः त्यांची समजूत घातली आणि त्यांचा संसार सावरण्याचा मनापासून प्रयत्न केला. तीन वर्षांनी तो विवाह रद्द ठरला हे खरे. पण त्यांचे प्रयत्न सद्‌भावनेचेच होते. येथेच पुढाऱ्याची खरी अडचण आहे. वाईट काम नाकारणे सोपे असते. चांगली कामेच इतकी होतात, की त्यांतून आपले कोणते हे कळेनासे होते.

आणि ह्या गर्दीत भर घालणाऱ्यांत बर्नार्डही होतेच. पोप आपले शिष्य म्हटल्यावर शिफारशीसाठी लोकांची रीघ क्लेरव्होला लागली. पोप तुम्ही नसून मीच आहे असे लोक म्हणतात, असे त्यांनी युजीन यांना लिहिले आहे. त्यात थट्टा आहे तशी खंतही आहे.

व्हेझले ते दमास्कस

११४४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला पूर्वेकडील एदेसा हे ख्रिस्ती राज्याचे शहर मुसलमान सरदार झंगी याच्या हाती पडले. पुढल्या वर्षी लुई राजाने मोहिमेचा विचार मांडला, तेव्हा बर्नार्ड यांनी पोपच्या आज्ञेवाचून आपण ह्यात पडणार नाही असे सांगितले. ही मर्यादा योग्यच होती. परंतु आज्ञा आली. गुरूच्या वाणीचे सामर्थ्य शिष्याला ठाऊक होते. ३१ मार्च ११४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, व्हेझले येथे बर्नार्ड यांनी भाषण केले. तयार करून आणलेले कापडी क्रूस संपले, तेव्हा त्यांनी स्वतःची वस्त्रे फाडून क्रूस वाटले, असे त्या काळच्या वृत्तांतात नमूद आहे.

त्याच वर्षी ऱ्हाईन नदीकाठी एक भयंकर प्रकार सुरू झाला. राडुल्फ नावाचा एक संन्यासी वरिष्ठांची परवानगी न घेता मठ सोडून निघाला होता. मोहिमेच्या नावाखाली तो लोकांना यहुद्यांविरुद्ध चिथावीत होता. कत्तली होऊ लागल्या. बर्नार्ड यांनी आधी पत्रे लिहिली आणि तेवढ्याने भागत नाही असे दिसताच ते स्वतः तिकडे गेले. माइन्झ येथे राडुल्फला गाठून त्याला मठात परत धाडले. जमाव खवळला होता, पण बर्नार्ड यांच्या नावापुढे त्याचे काही चालले नाही. यहुद्यांसंबंधी त्या काळचे पूर्वग्रह बर्नार्ड यांच्या लिखाणातही आहेत. तरीही बॉन येथील एफ्राईम ह्या यहुदी इतिहासकाराने त्यांच्या ह्या कृत्याची नोंद कृतज्ञतेने केली आहे. मठाच्या सीमा ओलांडण्याचे समर्थन कोठे होते, तर येथे होते. माणसे मारली जात होती, चिथावणारा आपल्यासारखाच झगा घातलेला होता आणि त्याला रोखू शकेल असा दुसरा माणूस दिसत नव्हता.

परंतु त्याच दौऱ्यात दुसरी गोष्ट घडली. ११४६ च्या नाताळात स्पायर येथे बर्नार्ड यांनी जर्मन राजा तिसरा कॉनराड यालाही मोहिमेत उतरविले. पोपची तशी योजना नव्हती. रोममधील बंडाविरुद्ध त्यांना कॉनराडची मदत हवी होती. पोपना न कळविता आपण क्रूस घेतला, असे कॉनराडलाच पुढे पत्राने पोपना कळवावे लागले. आज्ञेची मर्यादा सांभाळून निघालेले पाऊल उत्साहाच्या भरात मर्यादेपलीकडे पडले.

शेवट सर्वश्रुत आहे. जर्मन सैन्याची आशिया मायनरमध्ये वाताहत झाली. जुलै ११४८ मध्ये दमास्कसला घातलेला वेढा चार-पाच दिवसांतच उठवावा लागला. एदेसा परत मिळाले नाही. हजारो घरांतील कर्ते पुरुष परतले नाहीत आणि दोष बर्नार्ड यांच्या माथी आला. देवाला बोल लावण्यापेक्षा लोकांनी मला लावावा, एवढेच त्यांनी म्हटले. हे उद्‌गार ज्या ग्रंथात आहेत तो ‘दे कन्सिदरातिओने’च. त्याच्या दुसऱ्या भागाचा आरंभच ह्या पराभवाच्या दुःखाने होतो.

ग्रंथाचा उपदेश

अशा रीतीने हा ग्रंथ होरपळलेल्या अनुभवातून आला आहे. त्याचे पाच भाग साधारणपणे ११४८ ते ११५३ ह्या काळात लिहून झाले. आरंभीच बर्नार्ड सांगतात, की आपण गुरूच्या अधिकाराने नव्हे तर आईच्या मायेने बोलत आहोत. नंतर ते युजीन यांना सावध करतात. सततच्या कामाची माणसाला सवय होते, आधी जे असह्य वाटते ते हळूहळू सोसते, मग वेदनाच थांबते आणि अंतःकरण दगडासारखे होते. आपण सर्वांचे सेवक आहात ना, मग त्या सर्वांत स्वतःलाही धरा. आपल्या विहिरीचे पाणी साऱ्या गावाने प्यावे आणि आपणच तहानलेले राहावे हे योग्य नव्हे, असा त्यांचा आग्रह आहे.

परंतु ते पोपना काम टाकून एकांतात जावयास सांगत नाहीत. ते निवड करण्यास सांगतात. विधवेचे गाऱ्हाणे, गरिबाचे गाऱ्हाणे, ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही त्याचे गाऱ्हाणे पोपनी स्वतः ऐकावे. इतर पुष्कळ खटले दुसऱ्यांवर सोपवावे. कित्येक तर ऐकण्याच्याच योग्यतेचे नसतात. ही वाटणी आपण बारकाईने पाहावी. सामान्यतः पुढारी श्रीमंताचे काम जातीने पाहतो आणि गरिबाला कारकुनाकडे धाडतो. बर्नार्ड यांनी हा क्रम उलटा केला. ज्याच्यासाठी दुसरे कोणी दार उघडणार नाही, त्याच्यासाठी पुढाऱ्याचे दार उघडे राहावे म्हणूनच बाकीची दारे लोटून घ्यावयाची.

चौथ्या भागात ते घरच्या कारभाराकडे वळतात. पोपच्या वाड्यातील खर्च-जमा एका विश्वासू माणसाकडे सोपवावी आणि त्यात पुन्हा पुन्हा हात घालू नये. पदासाठी धडपडणाऱ्यांना नव्हे, तर मागेपुढे पाहणाऱ्यांना निवडावे. पुढे सुधारतील अशा आशेने माणसे घेऊ नयेत, आधीच पारखलेली घ्यावी. हे लिहिताना जेरार्ड त्यांच्या डोळ्यांपुढे असतील काय, असे आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

‘गीतरत्ना’वरील अठराव्या प्रवचनात त्यांनी एक दृष्टान्त दिला आहे. कालवा पाणी घेतो त्याच क्षणी ओतून टाकतो. तळे आधी भरते आणि भरल्यावर जे ओसंडते तेच देते, म्हणून देऊनही ते रिकामे होत नाही. वसईच्या वाड्यांतून बावखल पाहिलेल्यांना हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात भरलेले बावखल उन्हाळ्यात वाडी जगविते. काठोकाठ भरू न देता पहिल्याच सरीचे पाणी शेजारपाजारी वाटून टाकले, तर वैशाखात बागेला काय घालणार?

बर्नार्ड स्वतः हे शिकले का? ११५० साली नव्या मोहिमेची बोलणी शार्त्र येथे झाली आणि साठीच्या ह्या आजारी संन्याशालाच सेनेचे नेतृत्व द्यावे असे ठरले. ह्या वेळी त्यांनी पोप युजीन यांना लिहिले, की सैन्याच्या छावण्या उभारणे आणि शस्त्रधाऱ्यांच्या पुढे चालणे हे माझे काम नव्हे. मला लोकांच्या इच्छेच्या हवाली करू नये. ती मोहीम निघालीच नाही. उशिरा का होईना, पण हे काम माझे नव्हे, हे शब्द त्यांच्या लेखणीतून उमटले. ८ जुलै ११५३ रोजी तिवोली येथे युजीन वारले आणि सहा आठवड्यांनी, २० ऑगस्टला, बर्नार्ड.

आजच्यासाठी

हा विचार बर्नार्ड यांच्यापाशी संपत नाही आणि त्यांच्यापाशी सुरूही होत नाही. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात दिवसभर न्यायनिवाडा करून थकलेल्या मोशेला त्याचे सासरे इथ्रो हेच सांगतात, की मोठी प्रकरणे आपल्याकडे ठेव, लहान इतरांना दे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात प्रेषित अन्नवाटपासाठी सात जणांची निवड करवितात. अन्नवाटप हलके काम म्हणून नव्हे, तर ते नीट व्हावे आणि प्रार्थना व वचनसेवाही राहू नये म्हणून. आपल्या काळातही २० ऑगस्ट २००६ रोजी, संत बर्नार्ड यांच्या सणाच्या दिवशी, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ह्याच ग्रंथाची आठवण करून देत अतिकामाच्या धोक्याविषयी सांगितले होते. साडेसहा वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, हे कार्य पेलण्याचे बळ आपल्यात उरले नाही असे सांगून त्यांनी पदत्यागाची घोषणा केली.

आपल्या धर्मग्रामांत पोपइतका भार कोणावर नाही. परंतु भार वाहण्याची रीत तीच आहे. पॅरिश कौन्सिल, पतपेढी, शाळेची समिती, सणाची समिती, मर्तिकाची मदत, तंटा मिटविणे, साऱ्या ठिकाणी तीच चार-पाच नावे दिसतात. त्यांच्या घरी संध्याकाळी रोझरीला बाप नसतो आणि मुलांचा अभ्यास आई एकटी घेते. मंडळी त्यांना ‘कार्यकर्ता’ म्हणून गौरवितात आणि पुढच्या रविवारी आणखी एक काम देतात. त्यांनी ‘नको’ म्हटले तर गर्व चढला म्हणतात.

म्हणून ह्या इतिहासाचा धडा पुढाऱ्यांपुरता नाही, तो आपल्या सर्वांचा आहे असे आम्ही मानतो. युजीन यांचा दिवस खाऊन टाकणारे खटले कोणीतरी घेऊन येतच होते. बर्नार्ड यांना क्लेरव्होतून बाहेर ओढणारी पत्रे कोणीतरी लिहीतच होते. हे काम ह्यांच्यावाचून खरोखरच अडणार आहे काय, एवढा एक प्रश्न त्यांच्या दारी जाण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू शकतो. अडणार नसेल तर जेरार्ड यांच्यासारखे ते आपणच उरकावे. आणि धर्मगुरूंच्या किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसला, तर बिशप विल्यम यांच्यासारखे पुढे होऊन त्यांच्यासाठी थोडी उसंत मागून घ्यावी.